पंचाहत्तरवर अडून बसलेलं यंत्र

आदरणीय मोठे भाऊजी,

धाकट्या भावजयीचा आदरपूर्वक सलाम घ्यावा. जाऊबाईंनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणे. मेदानच्या डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन पाहा, नाहीतर इथून आमचं पाचेच्या पानांचं तेल पाठवते, रोज झोपताना चोळा. (बाजारातलं घेऊ नका. माझ्या भट्टीचं पाठवते. ते ओलं आहे असं हल्ली अख्खं खोरं म्हणतं, पण गुडघ्याला चालेल.) आम्ही सगळे अल्लाच्या कृपेने ठीक आहोत, म्हणजे जिवंत आहोत. रौझा बरी आहे, म्हणजे जेवत नाही. मीही बरी आहे, म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि तो तुम्ही पाठवलेल्या यंत्रामुळे झालाय, हे मोठ्या दिरांना लिहिणं बरं दिसत नाही म्हणून मी लिहीत नाही.

फोन का केला नाही असं विचाराल. आमच्याकडे रेंज येते ती फक्त मशिदीच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर बसून एखादी बाई बोलायला लागली की समोरच्या कॉफीच्या दुकानातले पेले ढवळायचे थांबतात. जे मला सांगायचं आहे ते पेले थांबवून ऐकण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. मेदानच्या गाडीचा ड्रायव्हर रुस्लान आणून देईल, त्याला कॉफी पाजा.

तर यंत्र. तुमच्या कंपनीत तेल तपासताना तुम्ही जे वापरता, त्यातलंच एक जुनं, धाकट्या भावाच्या बायकोला उपयोगी पडेल म्हणून तुम्ही मायेने पाठवलंत. मेदानचे व्यापारी आता तेलातला ओलावा विचारतात, साठच्या वर आकडा गेला तर पिंप परत पाठवतात, तेव्हा सलबियाने आधीच मोजून पाठवावं, असा तुमचा चांगला विचार. आकडे कसे बघायचे तेही तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत: पिंपाच्या तोंडातून यंत्राचं नाक आत सोडायचं, तेलात बुडवायचं नाही, तेलावरच्या हवेत लोंबतं ठेवायचं, तोंड फडक्याने बंद करायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं. सगळं लिहिलंत. एकच लिहायचं राहिलं, ते पुढे सांगते, आणि तेव्हा मी तुमचा मान ठेवूनच सांगेन.

आता तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. (तुम्ही याच गावात वाढलात, मेदानला जाऊन विसरला असाल तर आठवण करून देते.) घरात नवी मोटारसायकल आली, नवी भट्टी आली, कुणी हजहून आलं, की त्याला पेसिजुकची दुवा केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मग एवढं लांबून आलेलं यंत्र तसंच वापरायला घेऊ? चांगली कंदुरी घातली. पिवळा चिकट भात, वर नारळाचा गोड चव, कोंबडीचा रस्सा. हाजी तर्मिझींना सहकुटुंब बोलावलं, कारण एक तर ते अख्ख्या खोऱ्याचं तेल विकत घेतात, आणि दुसरं म्हणजे आता ते माझे व्याही होणार. त्यांच्या मुख्लिसची आणि आमच्या रौझाची सुपारी फुटलीय हे तुम्हाला कळवलंच होतं. मशिदीतल्या इमामसाहेबांनी पानांची जुडी पाण्यात बुडवली, दुवा म्हटली आणि यंत्रावर शिंपडली. एकदा नाही. यंत्र महागाचं दिसतंय म्हणून जरा जास्तच शिंपडली. वर तांदूळ टाकले, तेही ओलेच होते.

त्यानंतर यंत्र जे नव्व्याण्णववर जाऊन बसलं ते उठेचना. माझ्या तेलावर नव्व्याण्णव. अंगणात नव्व्याण्णव. बुखारीने (तोच, वरच्या अंगाला भट्टी असलेला, ज्याची जीभ त्याच्या भट्टीपेक्षा जास्त तापलेली असते) ते कोरड्या बिस्किटांच्या डब्यात घालून पाहिलं, तिथेही नव्व्याण्णव. ओलावा मोजायच्या वस्तूवर पाणी शिंपडलं हे लक्षात यायला तिथे जमलेल्या माणसांपैकी एकालाही अक्कल नव्हती, आणि त्यात मीही होते, पण मी घरची यजमानीण, मला भाताकडे बघायचं होतं. शेवटी रौझाने ते उन्हात वाळत घातलं. सुक्या मासळीच्या शेजारी. मांजर दोनदा येऊन गेलं.

वाळल्यावर आकडा खाली आला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि हाजीसाहेब म्हणाले, चला, विहीणबाईंच्या तेलापासून सुरुवात करू. मी छाती पुढे काढून पिंपाचं झाकण उघडलं. हे गेल्यापासून ही भट्टी मी एकटीने चालवली, भाऊजी. पानं किती वाळवायची, जाळ कधी कमी करायचा, नळी थंड राहते की नाही, सगळं माझ्या हाताने. आजवर हाजीसाहेब तेल बघायचे ते तळहातावर थेंब चोळून, डोळे मिटून, नाकाशी धरून, आणि माझ्या तेलावर त्यांनी डोळे लवकर उघडले असं कधी झालं नाही. तर यंत्राचं नाक आत सोडलं, फडकं बांधलं आणि आम्ही सगळे गप्प बसलो. आकडा चढत चढत पंचाहत्तरला आला आणि थांबला.

 तेलात पाणी घालणं म्हणजे आमच्याकडे काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. चोरी केली तर माणूस माफी मागून सुटतो, तेलात पाणी घातलं तर त्याच्या नातवालाही लोक पाणीवाल्याचा नातू म्हणतात. हाजीसाहेबांनी घसा साफ केला. आणि त्यांच्या घरच्या, हाजीणबाई रोस्मिना, विड्याचं पान जुळवता जुळवता, वर न बघता, माझ्याच घरातलं माझंच पान जुळवता जुळवता म्हणाल्या,

"आमचा मुलगा आम्ही ओल्या घरात पाठवायचा म्हणजे विचार करायला हवा."

(आपल्यात जावई सासरी राहायला येतो, तेव्हा मुलगा पाठवण्याचा हक्क त्यांचा, हे मान्य. पण ओलं घर? माझं?) त्या पाहुण्या होत्या. आत जाऊन रश्शाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की त्याचा काठ वाकला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून निरोप आला, की लग्नाला इतकी घाई कशाला, पुढच्या पानांच्या तोडणीनंतर बघू. बघू! सुपारी फुटल्यावर कुणी बघतं का? मग नदीवर कपडे धुताना बायका माझ्याकडे बघून हळू बोलायला लागल्या. बुखारीने तर कॉफीच्या दुकानात जाहीर केलं, की सलबियाची भट्टी नदीच्या इतकी जवळ का आहे ते त्याला आता कळलं. रौझाने ताट पुढे सरकवलं ते त्या दिवसापासून. रडत नाही, बोलत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पानं खुडत बसते. त्या पोरीने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही, भाऊजी. हा एक मुलगा मागितला.

मग माझंही डोकं फिरलं. माझं तेल ओलं तर तुमचं किती कोरडं ते बघू, म्हणून यंत्र काखोटीला मारलं आणि घरोघर निघाले. बुखारी आधी नको म्हणाला, पण लोक जमल्यावर नको म्हणणाऱ्याचं काय होतं ते त्याला ठाऊक आहे. त्याच्या पिंपात नाक सोडलं: पंचाहत्तर. गावप्रमुखांच्या पिंपात पंचाहत्तर. इमामसाहेबांच्या बहिणीच्या छोट्या डब्यात पंचाहत्तर. हाजीसाहेबांच्या गोदामातल्या पहिल्या पिंपात पंचाहत्तर, आणि तिथे मी हाजीणबाईंकडे बघितलं, नुसतं बघितलं, पण पोटभर बघितलं. मला वाटलं, आता सगळे माझी माफी मागतील. माफी राहिली बाजूला. सगळं खोरं माझ्यावर उलटलं. म्हणे मी असलं यंत्र आणून सगळ्यांनाच पाणीवाले ठरवलं, आता ही बातमी मेदानला गेली की कुणाचंच तेल कुणी घेणार नाही. बुखारी म्हणाला, त्या यंत्राला एकच आकडा येतो, त्याला नदीत टाकू. आणि चारचौघांना घेऊन खरोखरच माझ्या दारात आला.

मी यंत्र लपवलं. कुठे लपवलं, तर स्वयंपाकघरातल्या खडेमिठाच्या मोठ्या बरणीत, वर झाकण घट्ट. ते लोक घरभर शोधून, माझा केळ्यांचा घड अर्धा करून, हात हलवत गेले. सकाळी झाकण काढलं तर यंत्र मिठात बसून मला दाखवतंय पंचाहत्तर. तेव्हा मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मेलं मिठाच्या बरणीतही ओलावा काढतंय, म्हटलं जळो याचं लक्षण, बुखारीचंच खरं. फेकायला दारापर्यंत गेले होते. रौझा उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडची उठली. यंत्र माझ्या हातातून घेतलं, बरणीत बघितलं, मग अंगणातल्या पिंपाकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "हे तेल मोजतच नाहीये. हे मीठ मोजतंय."

आता सांगते, तुमच्या चिठ्ठीत काय लिहायचं राहिलं ते. पाचेचं तेल आणि पाणी लवकर वेगळं होत नाही, म्हणून आपण सगळे पिंपात मूठ मूठ खडेमीठ टाकतो, हे तुमच्या आईनेच मला शिकवलं. मीठ पाण्याला घेऊन तळाशी बसतं, वरचं तेल आपण काढतो. आणि ओलं मीठ (बरणीतलंही इथल्या हवेने पाझरतंच) ज्या बंद भांड्यात आहे त्यातली हवा तुमचं यंत्र पंचाहत्तरच सांगणार, तळाशी चमचाभर पाणी असो की बादलीभर. रौझाने एका बाटलीत नुसतं ओलं मीठ घातलं, तेलाचा थेंब नाही. पंचाहत्तर. भाऊजी, तुमचे तिथले साहेब लोक यंत्र बरोबर चालतं की नाही हे म्हणे ओल्या मिठावर ठेवूनच बघतात, असं त्या डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात आहे, रौझाने वाचून दाखवलं. म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं. आणि आपल्या पिंपात मीठ असतं हेही तुम्हाला ठाऊक होतं, त्या मिठाच्या गोण्या तुम्ही स्वतः खांद्यावरून वाहिल्यात. ही दोन ज्ञानं तुमच्या एकाच डोक्यात इतकी वर्षं शेजारी राहून त्यांची ओळख कशी झाली नाही, हे मी विचारत नाही. तुम्ही मोठे आहात.

मग आम्ही माझ्या पिंपात लांब नळी सोडली, थेट तळापर्यंत, आणि खालचं काढून घेतलं. किती निघालं असेल? नारळाची अर्धी करवंटीही भरली नाही. एवढं तर पहाटेच्या दवाने येतं. ती करवंटी मी झाकून ठेवलीय. आता सगळ्यांसमोर एकेकाच्या पिंपात नळी घालायची आणि ज्याच्या त्याच्या तळाचं ज्याच्या त्याच्या दारात ओतायचं, असं मी ठरवलंय. त्यासाठी तुमच्याकडून एकच हवं. कंपनीच्या कागदावर, शिक्का मारून, मोठ्या अक्षरात लिहून पाठवा, की यंत्र मीठ मोजतं, खरं पाणी तळाची नळी सांगते आणि सलबियाचं तेल स्वच्छ आहे. तो कागद मी कॉफीच्या दुकानात पेल्यांच्या वर चिकटवणार आहे. हाजीणबाईंना वाचता येत नसेल तर मी स्वतः वाचून दाखवीन, दोनदा. माझं नाव मला परत हवंय, भाऊजी, आणि सगळ्यांसमोर हवंय. लवकर लिहा.

जाऊबाईंना आणि मुलांना माझी माया.

तुमची भावजय,
सलबिया

ता.क. वर मागितलेला कागद पाठवू नका. रुस्लानची गाडी बिघडली म्हणून पत्र घरातच राहिलं आणि मला धीर धरवला नाही. म्हटलं, गावाआधी होणाऱ्या व्याह्यांना दाखवावं, तेवढा मान ठेवावा. करवंटी घेऊन रौझाला सोबत घेतलं आणि हाजीसाहेबांच्या गोदामात गेले. हाजीसाहेब तापाकतुआनला गेले होते, मुख्लिस एकटा होता. मी त्याला करवंटी दाखवली, सगळं समजावलं आणि म्हटलं, आता तुमच्या पिंपाचा तळ बघू.  नळी त्यानेच आणली. पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं, भाऊजी. एक बादली भरली, त्याने दुसरी लावली. दुसऱ्या पिंपाचंही तसंच. खोऱ्यातल्या बायका घाम गाळून तेल काढतात, हाजीसाहेब तळहातावर थेंब चोळून डोळे मिटतात, आणि मग मेदानला जे जातं त्यात हे. आजवर तुमच्याकडे काय काय आलं ते तुम्हीच बघा, मी त्यात पडत नाही. मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मी नाचेन. मी हातातली करवंटी ओढणीखाली झाकली. रौझा त्या बादलीकडे बघत उभी होती.

ता.क. २. घरी आल्यावर मी रौझाला म्हटलं, सुपारी परत पाठवू, असल्या घराशी सोयरीक नको, आणि पाठवताना सगळ्यांसमोर पाठवू. ती म्हणाली, "तो आपल्याकडे राहायला येणार आहे, आई. मी त्यांच्याकडे जात नाहीये." आणि ताट ओढून जेवायला बसली.  आता दुसरं ऐका. हाजीसाहेब परतले तेव्हा गोदामातली सगळी पिंपं हलकी झाली होती. मुख्लिसने एकूण एक पिंपाचा तळ नदीत ओतला होता. हाजीसाहेब ओरडले, की पिंपं गळाली. मुख्लिस म्हणाला, गळाली नाहीत, मी नळी चुकीची धरली, माझ्या हातून सांडलं. हमालांसमोर बापाची थप्पड खाल्ली आणि तेवढंच म्हणाला. आता सगळं खोरं म्हणतं, की हाजींचा मुलगा मंद आहे, बापाचं तेल सांडून आला. आणि हाजीणबाईंना एकदम लग्नाची घाई झालीय, कारण अशा मुलाला दुसरं कोण मुलगी देणार. केळी घेऊन आल्या होत्या. माझ्या घरात कोपऱ्यापर्यंत बघून म्हणाल्या, घर कसं हवेशीर आहे. मी त्यांना सरबत दिलं. ते देताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

ता.क. ३. म्हणून आता खरं काम लिहिते. इथे येऊन कंदुरीत सगळ्यांसमोर सांगा, की यंत्र बिघडलेलं होतं, चुकून पाठवलं. मग कुणाचंच तेल ओलं नाही, माझंही नाही, कुणी कुणाच्या तळात नळी घालणार नाही. यंत्राचं नाव खराब झालं म्हणून त्याची काही सोयरीक मोडायची नाही. परत नेताना कोरड्या पिशवीत न्या, आणि इमामसाहेबांच्या हाती लागू देऊ नका. मला जिंकायचं होतं, भाऊजी. फार जिंकायचं होतं. करवंटी मी अंगणात ओतून टाकली.

ता.क. ४. तुमचा भाऊ असता तर तुम्हाला बोलावून फक्त जेवायला वाढलं असतं. तो नाही, म्हणून बापाच्या जागी रौझाचे वली तुम्ही, निकाहाला तुमच्याशिवाय कुणाचं चालत नाही. हाजींच्या पिंपातलं सगळं तुम्हाला लिहिलं ते यासाठी, की तुम्हाला अंधारात ठेवून निकाहाच्या चटईवर बसवणं मला जमलं नसतं. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, मी रागावणार नाही. पण आलात तर वलीला नवऱ्या मुलाचा हात हातात धरावा लागतो. तो धराल तेव्हा त्या मांडवातली सगळी माणसं त्याला बापाचं तेल सांडणारा मंद पोरगा समजत असतील. त्याने काय सांडलं हे हात धरणाऱ्याला तरी ठाऊक असू दे.